अधिक-उणे

जमा-खर्च जुळवण्यात आमचा जन्म गेला. पण तबकड्यांचं अधिक-उणे काही जुळेना. १९९७ साली डीव्हीडी मायनस आर आली, २००२ साली प्लस आर. दोघी सख्ख्या जावा! रूप एक, पोटात जागा तीच ४.७ जीबी, पण स्वयंपाकघरं वेगळी. पुतणीच्या लग्नाची तबकडी निघाली प्लसवाली. आमचा जुना प्लेअर ती गिळून म्हणतो, ‘नो डिस्क’!

भाचा म्हणाला, "मामा, तबकडीवर सुरुवातीलाच तिची जात लिहिलेली असते. नवी प्रत काढताना तिथे डीव्हीडी-रॉम लिहू, म्हणजे चालेल."

बँकेत याला खोटी सही म्हणतात, निलंबन होतं! पण पडद्यावर आमचे गेलेले अण्णा पंगतीत जिलबी वाढताना दिसले आणि मी ते व्हाउचर मुकाट्याने पास केलं.