पाठचिकित्सा

वर्गात 'पाठचिकित्सा' हा शब्द आला की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. पाठ म्हणजे संहिता आणि पाठ म्हणजे शरीराचा मागचा भाग, हा विनोद आम्ही दोघेही अठरा-वीस वर्षे हसून सोडून देत आलो होतो. गेल्या पावसाळ्यात तो आमच्यावरच उलटला.

आम्ही नवरा-बायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दुखणे अर्थात दोघांपैकी एकाचेच होते. पण त्याचे वाचन दोघांनी मिळून केले आणि चुकाही मिळूनच केल्या. म्हणून येथे 'आम्ही' असेच लिहीत आहोत. जूनच्या अखेरीस कमरेतून निघालेली एक कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली. उभ्याने तास घेणे आधी बंद झाले, मग बसणेही. खोकला आला तरी डोळ्यांसमोर काजवे चमकत.

एमआरआयचा रिपोर्ट हाती आला त्या रात्री आम्ही तो शब्दकोश घेऊन वाचला. डिहायड्रेशन, बल्ज, प्रोट्रूजन, आणि कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मध्ये एक्स्ट्रूजन. प्रत्येक शब्द आम्हाला शिक्षेच्या कलमासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी एका शल्यविशारदांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि शुक्रवारची तारीख दिली. पायमोजे काढायलाही त्यांनी सांगितले नाही. इकडे शेजारीपाजारी उलटे बजावत होते, 'पाठीला सुरी लावू नका, माणूस अंथरुणाला खिळतो.' एका बाजूला घाई, दुसऱ्या बाजूला भीती, आणि मध्ये आम्ही.

पुण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. टाचांवर चालवले, चवड्यांवर चालवले, पाय सरळ उचलून पाहिला, अंगठा वर ओढायला लावून त्यावर बोटाने दाब दिला. मग रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही दोघेही भाषेची माणसे. मग ही ओळ कशी वाचली नाहीत?" ओळीचा अर्थ एवढाच होता: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. असे रिपोर्ट बहुधा याच ओळीने संपतात. विद्यार्थ्यांना आम्ही तळटीपा वाचायला शिकवतो. स्वतः मात्र संहिता स्वतःच सांगत असलेली मर्यादा ओलांडून गेलो होतो.

घरी येऊन वाचू लागलो तेव्हा त्या ओळीमागचे कारण उलगडले. 1994 साली अमेरिकेत, पाठदुखीची काहीही तक्रार नसलेल्या 98 जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यांतल्या 52 टक्के लोकांत एखादा तरी बल्ज सापडला, 27 टक्क्यांत प्रोट्रूजन. म्हणजे आमच्या रिपोर्टमधले बरेचसे शब्द पिकलेल्या केसांसारखे होते. वयाची नोंद, आजाराची नव्हे. एक्स्ट्रूजन मात्र फक्त एका टक्क्यात होते. तो शब्द दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता, आणि आमच्या कळेची वाटही त्याच जागेच्या नसेशी जुळत होती. गंमत अशी की ज्या शब्दाने आमची झोप उडाली होती त्यातच आशाही होती. बाहेर आलेला असा तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. नुसता बल्ज तसा सहजी जात नाही.

आपली बोलीही येथे फसवते. 'मणक्यात गॅप आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसते, कमी झालेले असते. 'गादी सरकली' म्हणतो. पण गादी मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती सरकत नाही. तिचे बाहेरचे कडे चिरते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. सरकलेली वस्तू कुणीतरी जागेवर बसवावी असे वाटणे साहजिकच, आणि मग माणसे पाठ तुडवून घ्यायला जातात.

या दुखण्याचा शोधही एका पुनर्वाचनातूनच लागला. शस्त्रक्रियेत काढलेले असे तुकडे पूर्वी कूर्चेची गाठ समजून तशी चिठ्ठी लावून ठेवले जात. बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या शल्यविशारदांनी ते जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले अनेक गादीचेच तुकडे निघाले. 1934 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. याला आमच्या अर्थाने पाठचिकित्सा म्हणण्यास हरकत नसावी.

डॉक्टरांनी थांबायला सांगितले. पण ते थांबणे रिकामे नव्हते. औषधे, झेपेल तेवढे चालणे, अंथरूण न धरणे, आणि दर पंधरवड्याला त्या अंगठ्याची तपासणी. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. 2007 साली नेदरलँड्समधील एका चाचणीत तीव्र कळ असलेल्या 283 रुग्णांपैकी काहींवर लवकर शस्त्रक्रिया झाली, काहींना थांबवले गेले. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करावीच लागली.

आम्ही त्या 39 मधले निघालो. नवव्या आठवड्यात जिना उतरताना चप्पल पायातून निसटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंगठा दाबासमोर टिकेना. नवा एमआरआय झाला. चित्रात फारसा फरक नव्हता. फरक पायात होता. आता डॉक्टरांनीच तारीख दिली. "ही शस्त्रक्रिया पायासाठी आहे, पाठीसाठी नाही," हे त्यांनी दोनदा ऐकवले आणि आमच्याकडून वदवूनही घेतले.

सूक्ष्मदर्शकातून, जेमतेम इंचभर छेदातून, नसेवर दाब देणारा तेवढाच तुकडा काढला गेला. त्याच संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये चालवले. कळ गेली होती. पाठ अजून अधूनमधून दुखते, नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, आणि अंगठ्याला बळ यायला चार महिने लागले. पहिल्या शुक्रवारीच टेबलावर गेलो असतो तर नऊ आठवड्यांची तळमळ वाचली असती का? बहुधा वाचली असती. तरीही ती घाई योग्य होती असे म्हणवत नाही. कारण तेव्हा निर्णय कागद पाहून झाला होता, नंतरचा पाय पाहून झाला.

हल्ली स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतो, "रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो, ऑपरेशन करू की नको ते सांगा." आम्ही कसे सांगणार? शेवटची ओळ वाचली का, एवढे विचारतो. आणि मग, जरा संकोचत, बूट काढून अंगठा वर उचलून दाखवा म्हणतो.