नऊ की दहा?

गेली तीन वर्षं घरचे माझ्यासाठी स्थळं पाहतायत. पण स्थळ पाहणं म्हणजे नेमकं काय असतं, हे मला कळलं गेल्या फेब्रुवारीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला दादाकडे महिनाभर राहायला गेले होते आणि दादाला गाडी घ्यायची होती. सेकंडहँड. स्थळं दोन. एक २००६ चं, दुसरं २०११ चं. दोन्ही एकाच घराण्यातली आणि दोन्ही आधी दुसऱ्याच्या घरी नांदून आलेली. दादाची झोप उडालेली, वहिनीचं डोकं फिरलेलं आणि मी मधल्यामध्ये फुल टाइमपास मोडमध्ये.

घराणं म्हणजे मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. लाडाचं नाव इव्हो. २००६ ची ती इव्हो नाइन, २०११ ची इव्हो टेन. चार दारं, पाच सीट, मागे भलामोठा पंख, पुढे टर्बो इंजिन आणि ताकद चारही चाकांना.

आता इव्होच का, तर त्याची मुळं थेट कोथरूडमध्ये. १९९८ मध्ये साधी लान्सर भारतात आली आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ती घेतली. पांढरीशुभ्र. मी तेव्हा रांगत होते, दादा नऊ वर्षांचा. दर रविवारी तो ती गाडी पुसायला जायचा, तेही फुकट. पुढे सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून रॅलीचे गेम सुरू झाले आणि त्याला शोध लागला, की काकांच्या सोज्वळ लान्सरची एक वाह्यात चुलत बहीण आहे आणि ती चिखलातून, बर्फातून उड्या मारत जाते!

त्या बहिणीच्या जन्माची गोष्ट सॉलिड आहे. रॅलीत जी गाडी पळवायची, ती ठरावीक संख्येने साध्या गिऱ्हाइकांनाही विकली पाहिजे, असा तेव्हा नियम होता. म्हणून १९९२ मध्ये पहिली इव्हो बाजारात आली. टॉमी मॅकिनेन या फिनलंडच्या ड्रायव्हरने मित्सुबिशीतून १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप मारली. आणि २०१५ च्या फायनल एडिशननंतर अमेरिकेत नवी इव्हो आलीच नाही. म्हणजे आज इव्हो हवी, तर ती कुणीतरी वापरलेलीच घ्यायची.

स्थळ पहिलं

इव्हो नाइन पेनसिल्व्हेनियात होती, ॲलनटाऊनजवळ, पन्नाशीतल्या एका गृहस्थांकडे. ७१ हजार मैल झालेली. किंमत ३३ हजार डॉलर. टेनची किंमत होती २८ हजार. बरोबर वाचलंत, जुनी गाडी महाग! कारण या गाड्या बहुतेक करून तरण्याबांड पोरांच्या हातात पडल्या आणि त्यांनी टर्बोचं प्रेशर वाढव, एक्झॉस्ट बदल, असे प्रयोग करून त्यांचा जीव काढला. कंपनीतून आली तशी राहिलेली नाइन मिळणं म्हणजे लॉटरी. शिवाय तिचं इंजिन. ४जी६३ हे त्याचं नाव, दोन लिटरचं, लोखंडी ब्लॉकचं. इव्होच्या पहिल्या पिढीपासून नवव्यापर्यंत तेच कुळ. टेनमध्ये ते गेलं आणि ॲल्युमिनियमचं नवं इंजिन आलं. कट्टर भक्तांना ते आजही पचलेलं नाही.

दादाने गाडी चालवली, मी शेजारी बसले. आतलं प्लास्टिक अगदी साधं. पण स्टिअरिंग जरा हललं की गाडी वळलेली असायची. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक खडा पाठीच्या कण्याला कळत होता. दादाचा चेहरा अकरावीत पहिल्यांदा बाइक मिळाली तेव्हासारखा झाला होता. मला बाकी काही विचारू नका, तो चेहरा मी विसरणार नाही.

स्थळ दुसरं

टेन शेजारच्याच गावात होती. ६४ हजार मैल. अमेरिकेतल्या नाइनची ताकद २८६ हॉर्सपॉवर, टेनची २९१. म्हणजे पाचच घोडे जास्त. वजन मात्र साधारण शंभर किलोंनी वाढलेलं. कागदावर बघितलं तर हा घाट्याचा सौदा. मग त्या शंभर किलोंत भरलंय काय?

हा फंडा मला दादाने ताम्हिणी घाटाच्या भाषेत समजावला. समजा, पावसात घाटातलं वळण घेताय. चारही चाकांना ताकद मिळते हे ठीक, पण कुणाला किती, हा खरा प्रश्न. दोन्ही गाड्यांत एक बटण आहे: डांबर, खडी, बर्फ. त्याप्रमाणे मधला डिफरन्शियल पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी किती घट्ट बांधायची हे ठरवतो. अमेरिकेत विकलेल्या नाइनमध्ये कॉम्प्युटरची अक्कल तिथेच संपते. टेन पुढे जाऊन मागच्या दोन चाकांतही वाटणी करते, वळणात बाहेरच्या चाकाला जास्त रेटा देते आणि गाडीचं नाक आत वळवते. त्याउपर तुम्ही फारच आगाऊपणा केलात, तर स्टॅबिलिटी कंट्रोल एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो. नाइनमध्ये तो नाहीच. तिथे सावरायचं तुम्ही.

एअरबॅग नाइनमध्ये दोन, टेनमध्ये सात.

पत्रिका

दोन्ही गाड्या दादाने घेण्याआधी एका वर्कशॉपमध्ये दाखवल्या. सेकंडहँड गाडीत हा खर्च वाचवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. तिथल्या मेकॅनिकने दोन तास घेतले आणि मला मोफत शिकवणी मिळाली.

आधी कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडरचं प्रेशर जवळजवळ सारखं हवं. एक जरी मागे पडला, तरी इंजिन उघडावं लागणार असं धरून चला. मग टायर. चारही एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले हवेत. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एकच टायर नवा घातला, तर त्याचा घेर वेगळा होतो आणि डिफरन्शियल विनाकारण राबत राहतो. नाइनमध्ये टायमिंग बेल्ट आहे. ६० हजार मैलांना तो बदलायलाच हवा, कारण तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खेळ खल्लास. टेनमध्ये बेल्टऐवजी चेन आहे. पण डिफरन्शियलला प्रेशर देणारा तिचा पंप मागच्या चाकाजवळ खाली बसवलेला असतो. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत तो गंजतो आणि बदलायचा तर बिल बघून डोळे पांढरे होतात.

आणि एक काम फुकटातलं. गाडीचा नंबर अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघायचं. ताकाता एअरबॅगचा जो रिकॉल जगभर गाजला, त्यात नाइनच्या काळातल्या लान्सरही होत्या.

निकाल? दोन्ही पास. नाइनचा बेल्ट वेळेवर बदललेला, टेनचा पंप नवा, रिकॉलचं काम झालेलं, बिलं हजर. खरं तर एकीत खोट निघावी आणि आपल्याला निर्णय घ्यावा लागू नये, अशी दादाची इच्छा होती. पण पत्रिका दोघींचीही जुळली.

खरं भांडण

रात्री डायनिंग टेबलवर बैठक बसली. पार्किंग एक, गाडी एक. दादाचं ऑफिस चाळीस मिनिटांवर, पिल्लूचं डे-केअर उलट्या दिशेला. पेट्रोल प्रीमियम लागणार आणि शहरात लिटरला सातेक किलोमीटरच मिळणार, ही रड दोन्हीकडे सारखीच.

दादाचा मुद्दा बिनतोड होता. नाइनची किंमत पडणार नाही, झाली तर वाढेलच. ‘‘चार-पाच वर्षांनी परत जाताना विकू. पैसे वसूल. फुकटात इव्हो!’’

वहिनी भांडी आवरत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. ‘‘कोण परत जातंय?’’

टेबलावर एकदम शांतता.

दादाला तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर कधी लागेल, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आणि या अकरा वर्षांत त्या घरात एकही वस्तू ‘आपली’ म्हणून आलेली नाही. सोफा कुणीतरी भारतात परत जाताना विकलेला. टेबल तसंच. भिंतीला खिळा नाही, कारण घर सोडताना भोकं बुजवावी लागतात. सगळा संसार ‘जायचंच आहे’च्या बोलीवर. आता गाडीही त्याच हिशेबात घ्यायची होती. अशी, की जिला ओरखडा पडू द्यायचा नाही, मिठाच्या रस्त्यावर न्यायची नाही आणि एक दिवस चांगल्या भावाने विकायची.

‘‘इकडेच ठेवून नंतर तिकडे नेता येईल का?’’ मी उगाच विचारलं. तेही होणार नव्हतं. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. या दोघींपैकी कुणीच कोथरूडला येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनीने दोन्ही गाड्या स्वतः चालवल्या. गिअरची तिला काय भीती! ती सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिकलीय. नाइनमधून उतरून ती म्हणाली, ‘‘भारी आहे रे. पण ही सारखी माझ्याशी बोलत असते. सकाळी आठला, मागे पोर रडत असताना, मला हिच्याशी बोलायला वेळ नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘दुसरी गाडी असती, तर मीच तुला ही घ्यायला लावली असती.’’

मला वाटतं, निवाडा तिथेच झाला. नवी चांगली की जुनी, यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. इंजिन लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं, शंभर किलो कमी की जास्त. पण सावरायचं काम गाडीने करायचं की तुम्ही, एवढाच या दोन पिढ्यांमधला खरा फरक. आणि त्याचं उत्तर तुमच्या सोमवार ते शुक्रवारकडे असतं. रविवार सकाळ मोकळी असेल, घरात दुसरी गाडी असेल, हात तयार असेल, तर जुनी घ्या आणि मजा करा. रोज पहाटेच्या बर्फात मागच्या सीटवर पोर बसणार असेल, तर तो रोमान्स तिला परवडणारा नाही.

आपल्याकडे हाच पेच पडला, तर एक गणित जास्तीचं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे जुनी गाडी घेताना आधी आरसी बुकावरची तारीख बघा, मग बोनेट उघडा. इव्हो टेन २०१० च्या सुमारास इथेही आली होती. म्हणजे तीही आता त्याच वयाला टेकलीय.

दादाने टेन घेतली. नाइनची जाहिरात तो चार दिवस फोनवर उघडून बघत होता. पाचव्या दिवशी ती तिथून गेली. तो काही बोलला नाही, फोन खिशात ठेवला आणि पिल्लूची सीट मागे बसवायला खाली गेला. पट्टा घट्ट बसतोय ना, हे त्याने तीनदा तपासलं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘वापरलेलीच घ्यायची होती, तर एवढ्या लांब कशाला गेला?’’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. पण परवा वहिनीचा मेसेज आला. टेनला पहिला ओरखडा पडलाय, डे-केअरच्या पार्किंगमध्ये, आणि दादाने चक्क ‘असू दे’ म्हटलंय. सोबत एक फोटो. घरात नवा सोफा आलाय. दुकानातून आणलेला, प्लास्टिक अजून काढायचंय.