चवदार तळे खुले केले, मग वायफायला कुलूप का?

वस्तीत काम करताना गेल्या काही वर्षांत एक बदल आम्ही जवळून पाहिला आहे. दहा बाय बाराच्या खोलीतही आता बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वायफायचे राउटर लुकलुकत असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, आधार, बँक, मुलीचा ऑनलाईन क्लास, कार्यकर्त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळी ये-जा त्या एका डबीतून होते. घरभेटीत आम्ही विचारतो, "याचा पासवर्ड कधी बदलला?" उत्तर ठरलेले असते, "आमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय?"

मित्रांनो, इथेच आपली गल्लत होते. वायफाय चोरणाऱ्याला आपली भांडी नको असतात, त्याला आपला पत्ता हवा असतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याचे वायफाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण त्याआधी चौकशीला तोंड द्यावे लागले. आता विचार करा. परदेशी कंपनीत मोठ्या पदावर असलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या, मोर्च्यात दिसणाऱ्या पोराच्या घराचा आयपी पत्ता अशा प्रकरणात निघाला तर? "मी नव्हतो" हे सिद्ध करायला वकील कुठून आणायचा?

बरे, पासवर्ड असतो तो कसा? आमच्याकडच्या अर्ध्या घरांत मोबाईल नंबर, नाहीतर "जयभीम१२३". आणि सर्वांत लाडका म्हणजे १४०४१८९१. राउटरला किमान आठ अक्षरे लागतात, जयंतीची तारीख नेमकी आठ अंकांत बसते! भावना आम्हाला कळते, ती आमचीही आहे. पण जी तारीख सगळ्या वस्तीला पाठ आहे ते कुलूप नव्हे. मोबाईल नंबरचेही तेच. फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर बसून टिपता येते आणि नंतर ताकदवान संगणकावर एकेक नंबर लावून पाहता येतो. दहा आकडी नंबर असा शोधणे काही तासांचे काम आहे. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. लक्षात राहतात, आणि अंदाजाने सापडत नाहीत.

आमच्या अभ्यासिकेत हा विषय निघाला तेव्हा एका तरुणाने खडा सवाल केला, "पाणी सर्वांना खुले करणारी आपली चळवळ. मग आपणच शेजारच्या पोरांना पासवर्ड नाकारायचा?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेजारची दोन पोरे आपल्या वायफायवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतील, तर ते बंद करणे आम्हाला मान्य नाही. पण तुलना नीट करू. महाडचे तळे सार्वजनिक होते. नगरपालिकेने ते खुले असल्याचा ठरावही केला होता, तरी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तिथली बंदी माणसाचा जन्म विचारत होती. घराचे कुलूप जन्म विचारत नाही, ते जबाबदारी कोणाची एवढेच विचारते.

आणि वाटून घेण्याचा मार्ग राउटरमध्येच असतो. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. त्याला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड देता येतो. पाहुण्याला इंटरनेट मिळते, घरातल्या संगणकापर्यंत मात्र तो पोहोचत नाही. पण बाहेरच्या जगाला दोन्हींचा पत्ता एकच दिसतो. म्हणून गेस्टचा पासवर्डही भिंतीवर लिहू नये, कोणाला दिला ते वहीत असावे, आणि तीन-चार महिन्यांनी तो बदलावा.

याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. राउटरला दोन किल्ल्या असतात. एक वायफायची. दुसरी सेटिंगची, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा तशाच पत्त्यावर उघडणाऱ्या पानाची. ही दुसरी किल्ली बहुतेक घरांत जोडणी करून गेलेल्या माणसाकडे असते, आणि ती असते 'अॅडमिन', 'अॅडमिन'. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने अशाच साठेक कारखानी पासवर्डांच्या यादीवर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. सेटिंग हातात आली की बँकेचा पत्ता टाईप केल्यावर दुसऱ्याच पानावर नेता येते. ती किल्ली आधी बदला. त्याच पानावर सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करा, नवे अपडेट असेल तर घ्या. जुने राउटर भंगारात देताना मागचे रिसेटचे बटण दाबून धरा, नाहीतर पासवर्ड भंगारवाल्यासोबत जातो.

एका घराला हे करायला अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही. जयंतीच्या वर्गणीला आपण घरोघरी जातोच. यंदा वर्गणीच्या फेरीत प्रत्येक गल्लीत एक शिकलेले पोर सोबत घ्या, आणि पावतीबरोबर राउटरही बघून या. सेटिंगचा नवा पासवर्ड मात्र त्या घरातल्या बाईच्या हातानेच टाईप होऊ द्या. तो आपल्याला कळता कामा नये.