देवळ्याच्या घरातील अनामत

मुंबई–आग्रा महामार्गाने नाशिकहून निघालेला प्रवासी चांदवडला पोहोचला, की उत्तरेकडे जाणारा एक रस्ता त्याला महामार्गापासून वेगळा करतो. विंचूर–प्रकाशा या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग सातमाळेच्या डोंगररांगेतील भावडबारीचा घाट ओलांडतो आणि गिरणेच्या खोऱ्यात उतरतो. आकाश निवळ असेल तर पश्चिमेला धोडपच्या कातळभिंतीतील खाच दिसते. पाठीमागे राहिलेले चांदवड जैन समाजाला दोन कारणांनी परिचित आहे. तेथील डोंगरात प्राचीन जैन लेणे आहे आणि 1928 साली स्थापन झालेला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम तेथेच आहे. खेड्यापाड्यांतील व्यापाऱ्यांची कित्येक मुले या आश्रमात राहून शिकली. घाटापलीकडच्या देवळ्यातूनही मुले तेथे आली.

कोलती नदीच्या काठी वसलेले देवळे हे दीर्घकाळ कळवण तालुक्यातील बाजाराचे गाव होते. 1999 साली ते स्वतः तालुक्याचे ठिकाण झाले. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार नावांची आद्याक्षरे जोडून लोक या मुलुखाला ‘कसमादे’ म्हणतात. बोली अहिराणी, पीक कांद्याचे आणि डाळिंबाचे. चैत्रात शेताशेतांत उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली असते आणि बांधावरच्या कांदाचाळी भरू लागतात. पाचकंदील चौकात उभे राहिले की गावाचा सारा व्यवहार डोळ्यांपुढून जातो. चांदवडकडून येणारी वाहने, सटाण्याकडे निघालेले ट्रक, कांद्याने भरलेले ट्रॅक्टर आणि या दिवसांत खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले भाविक. धुळे, मालेगाव या बाजूंनी येणारे त्यांचे जथे सौंदाण्याच्या रस्त्याने देवळ्यात येतात आणि कळवणमार्गे गडाकडे जातात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत हा ओघ खंडत नाही. महावीर जयंतीची चैत्र शुद्ध त्रयोदशी याच दिवसांत येते.

अशाच एका चैत्रात जुन्या पेठेतील एका घराचे कुलूप तीन भावंडांनी उघडले. घरातील बाई गेल्याला चार महिने झाले होते. आईला ही मुले ‘बाई’ म्हणत आणि गावही तेच म्हणे. वडील जाऊन अकरा वर्षे लोटली होती. थोरला मुलगा पुण्याहून आला, धाकटा नाशिकहून. दोघांचा रस्ता चांदवडपासून एकच होता, तरी ते वेगवेगळ्या गाड्यांतून, तासाभराच्या अंतराने आले. दुकानाच्या वाटणीपासून दोघांमध्ये कामापुरतेच बोलणे उरले होते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’चा निरोप फोनवरून जाई आणि तसाच परत येई. मधली बहीण जळगावची. ती सौंदाण्याच्या रस्त्याने, पायी चालणाऱ्या भाविकांच्या जथ्यांमधून वाट काढत पोहोचली.

घर मारवाडातून पिढ्यांपूर्वी या भागात आलेल्या व्यापारी कुटुंबांच्या घरांसारखेच. पुढे ओटा, ओट्याला लागून किराणा व धान्याचे दुकान, मागे चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि लाकडी जिन्याने वर गेले की माडी. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. तरी फळीचे दार सरकवताच हळद, गूळ आणि तागाच्या पोत्यांचा वास अजून येत होता. कोपऱ्यात दोन पारड्यांचा मोठा तराजू होता. 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाल्यावर निरुपयोगी ठरलेले शेर, अदशेर आणि पायलीचे माप आजोबांनी फळीवर ओळीने मांडून ठेवले होते. ते तसेच होते.

घर विकायचे ठरले होते. तिघांपैकी कोणीही देवळ्यात परत येणार नव्हते. प्रश्न सामानाचा होता. थोरल्याने आठ दिवसांची रजा घेतली होती. पन्नास वर्षे नांदलेल्या बाईचे घर आवरायला तेवढे दिवस लागतीलच, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब पहिल्याच सकाळी चुकला. बाईचे कपाट बहिणीने उघडले, तेव्हा आत सहा साड्या होत्या. एका खणात सामायिकाचे आसन, मुहपत्ती, पूंजणी, जपमाळ आणि दोन धर्मपुस्तके. खालच्या खणात एक शाल, एक स्वेटर. बाकीचे खण रिकामे, जुन्या वर्तमानपत्राचा कागद अंथरलेले. स्वयंपाकघरातही तेच. दोन पातेली, एक कढई, चार ताटे, पाणी गाळण्याचे दुहेरी कापड धुऊन, घडी करून ठेवलेले. नणंदेने काही उचलून नेले असेल, अशी शंका थोरल्या सुनेने फोनवर बोलून दाखवली. त्या वाक्याने दुपारपर्यंत घरातली हवा जड झाली.

उत्तर आसनाखाली ठेवलेल्या वहीत मिळाले. श्रावकाच्या बारा व्रतांत पाचवे परिग्रह-परिमाणाचे. आपल्याजवळ किती ठेवायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः घालून घ्यायची आणि ती शक्य तेवढी कमी करत जायची. अनेक श्रावक-श्राविका त्याच भावनेने रोज सकाळी चौदा नियम धारण करतात. आज इतकी द्रव्ये खाईन, इतकी वस्त्रे वापरीन, इतक्या दिशांना जाईन. बाईंनी हे व्रत पतीच्या निधनानंतरच्या पहिल्या संवत्सरीला घेतले होते. दर संवत्सरीला वहीचे एक पान. पहिल्या पानावर ‘साड्या 24’. पुढे 20, मग 15, मग 11. शेवटच्या पानावर 7. सातवी साडी त्यांच्या अंगावर गेली होती. भांडी, अंथरुणे, चपला, दागिने यांचेही आकडे तसेच उतरत गेले होते आणि प्रत्येक वस्तू कोणाला दिली, ते समोर लिहिले होते. धुणे-भांड्यांना येणारी बाई, शेतमजुराची लग्नाला आलेली लेक, स्थानकातील भांडारघर. थोरल्या सुनेचे नावही एका पाटल्यांच्या जोडीसमोर होते. बहिणीने ते पान फोटो काढून पाठवले नाही. वही मिटून ठेवली.

मग घर भरलेले कशाने होते? कारण घर रिकामे नव्हते. माडीवर तीन लोखंडी पेट्या होत्या, दोन पोती होती, दोरीने बांधलेली खोकी होती. वहीच्या मागच्या बाजूने सुरू केलेल्या पानांवर त्यांचा उलगडा होता. त्या पानांवर शीर्षक होते ‘अनामत’. दुकानदाराच्या घरात हा शब्द नित्याचा. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली रक्कम म्हणजे अनामत. ती पेटीत असली तरी आपल्या भांडवलात धरायची नाही, वापरायची नाही आणि धनी मागेल तेव्हा परत द्यायची. बाईंनी तिन्ही मुलांच्या नावाने तीन खाती मांडली होती. थोरल्याच्या खात्यावर चांदवडच्या वसतिगृहातून आलेली पत्र्याची पेटी, वाणिज्य शाखेच्या वह्या, लग्नात आलेला जेवणाचा संच, खोके न उघडलेला. मुलीच्या खात्यावर भरतकामाची चौकट, बक्षिसाची पुस्तके, पहिल्या बाळंतपणातला पाळणा. धाकट्याच्या खात्यावर बॅट, सुटा केलेला रेडिओ आणि दुकानाच्या वाटणीच्या दिवशी तो रागाने येथेच टाकून गेलेला चांदीचा पेला.

त्या खात्यांतील खरी नोंद मात्र पुढच्या रकान्यात होती. ‘दिवाळीस विचारले. पुढच्या वेळी नेतो म्हणाला.’ ‘राखीला विचारले. घरात जागा नाही म्हणाली. पुढच्या वेळी.’ ‘अक्षय्यतृतीयेस विचारले. राहू दे म्हणाला.’ अकरा वर्षांत ‘पुढच्या वेळी’ हे शब्द एकतीस वेळा आले होते. बहिणीने ते मोजले. आई येताजाता जुन्या वस्तू हातात देऊ पाहते, याचा तिघांनाही कंटाळा येई. म्हातारपणी माणूस असेच करते, असे ते आपापल्या घरी परतताना म्हणत. व्रत घेतलेल्या बाईला आपले घर हलके करायचे होते आणि त्यात अडसर आपल्याच सामानाचा होता, हे तिघांच्या ध्यानात आता आले. त्या दुपारी कोणी कोणाला काही म्हटले नाही. धाकटा पेला घेऊन चौकात गेला आणि राखेने तो बराच वेळ घासत बसला.

इष्टाच्या वियोगाने जो शोक होतो, त्याला जैन शास्त्र आर्तध्यान म्हणते आणि त्यापासून सावध राहण्यास सांगते. पण शोक होतच नाही, असे ते सांगत नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणाची वार्ता कळताच प्रथम गणधर गौतमस्वामी व्याकूळ झाले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. भगवंतांवरील स्नेह हाच त्यांच्या ज्ञानाच्या आड आलेला शेवटचा धागा होता. तो उमगला आणि त्यांना केवलज्ञान झाले. योगायोग असा, की दिवाळीला व्यापारी जेव्हा नवी वही पूजतात, तेव्हा पहिल्या पानावर गौतमस्वामींचेच नाव लिहून त्यांच्या लब्धीची कामना करतात.

अशा पन्नासेक वह्या दुकानाच्या पोटमाळ्यावर निघाल्या. रोजमेळ, खतावण्या, उधारीच्या चोपड्या. सर्वांत जुन्यांतली लिपी तिघांनाही वाचता येईना. 1972 च्या दुष्काळातील चोपडी मात्र वडिलांच्या देवनागरी अक्षरातली होती. वाखारी, खर्डे, लोहोणेर, खामखेडे, उमराणे अशा गावांची नावे, त्याखाली शेतकऱ्यांची नावे, बाजरी, मिलो, तेल, मीठ. बऱ्याच खात्यांवर एक आडवी रेघ होती आणि बाजूला ‘क्षमा’ एवढाच शब्द. काही खाती तशीच उघडी होती.

रद्दीवाला दारात उभा होता. वजनावर चांगले पैसे आले असते. थोरल्याने चोपड्या बाहेर आणायला सुरुवातही केली. धाकट्याने त्याचा हात धरला. उद्या पाचकंदिलावर शेंगदाण्याची पुडी बांधली जाईल आणि तिच्यावर एखाद्याच्या आजोबांची उधारी असेल, एवढेच तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याने थोरल्याशी आपणहून उच्चारलेले हे पहिले वाक्य होते. जाळणे बाईंना रुचले नसते आणि नदीत सोडणेही. शेवटी दोघे भाऊ चौकात समोरासमोर बसले आणि नावांची पाने हाताने फाडू लागले. अक्षर लागणार नाही, इतके बारीक तुकडे. त्या कामाला दीड दिवस लागला. मध्येच एखादे नाव ओळखीचे निघे. हे तेच ना, पोळ्याला बैल घेऊन येणारे? हो, त्यांचा नातू आता डाळिंब लावतो. अशी एकेक गोष्ट निघत गेली. वाटणीचा विषय निघाला नाही. पण रात्री दोघांनी माजघरात शेजारी शेजारी अंथरुणे घातली.

महावीर जयंतीच्या सकाळी तिघे शोभायात्रेत चालून आले आणि उरलेल्या वस्तू मार्गी लावल्या. धर्मपुस्तके, आसन स्थानकात दिले. तराजू आणि मापे, मुलांना दाखवायला होतील म्हणून, एका शिक्षकांनी मागून नेली. साड्या बहिणीने घेतल्या नाहीत. वहीत ज्या धुणे-भांड्यांच्या बाईचे नाव सर्वांत जास्त वेळा आले होते, तिला त्या दिल्या. तिने एक ठेवून घेतली आणि पाच परत केल्या, बाईंकडूनच शिकले म्हणाली. जुनी लिपी असलेल्या चार वह्या जाणकाराला दाखवण्यासाठी थोरल्याने बाजूला ठेवल्या.

ओट्यावरचा रांजण कोणत्याच खात्यात नव्हता. चैत्रात गडाकडे जाणाऱ्या भाविकांसाठी बाई तो रोज गाळलेल्या पाण्याने भरत. वही पुन्हा चाळल्यावर एक ओळ सापडली, रांजण ओट्याचा आहे. घर घेणारे शेजारीच होते. त्यांना ती ओळ दाखवली, तेव्हा ते म्हणाले की गेले चार दिवस आपली सूनच तो भरते आहे.

निघण्यापूर्वी बहिणीने अनामतीची पाने उघडली. एकेका वस्तूसमोर ती ‘मिळाले’ असे लिहीत गेली, तारीख घालत गेली. खाली तिघांनी सह्या केल्या. जेवणाच्या संचाचे खोके थोरल्याने पुण्याच्या गाडीत ठेवले. घरात जागा अजूनही नव्हती. पाळणा जळगावला गेला. पत्र्याची पेटी थोरल्याच्या गाडीत मावेना, म्हणून ती धाकट्याने आपल्या मागच्या सीटवर घेतली. चांदवडपर्यंत दोन्ही गाड्या एकामागोमाग गेल्या. भावडबारीच्या चढावर थोरल्याने गाडी बाजूला घेतली आणि धाकटा पुढे येईपर्यंत थांबला.