अर्धा वेळ, पुरता भाव

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय काढला. जिल्हा परिषदांच्या शाळांत ज्या जागा रिकाम्या आहेत तिथे, नवी भरती होईपर्यंत, निवृत्त शिक्षकांना नेमायचं; मानधन महिना वीस हजार, वयाची कमाल मर्यादा सत्तर. त्यावर जी ओरड व्हायची ती झाली. डी.एड. होऊन घरी बसलेल्या मुलांना हा आपल्या तोंडचा घास वाटला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण या निर्णयातली मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. शाळा तीच, घंटा तीच, हजेरीपट तोच, शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब तोच. तोकडा झाला तो फक्त पगार. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन ज्याला घरी पाठवलं, त्याला परत बोलावताना वेळ पूर्ण मागायचा आणि दाम कमी द्यायचा, असा हा व्यवहार. हे गणितच उलटं मांडलेलं आहे. उतारवयातल्या माणसाला वेळ अर्धा हवा आणि भाव पुरता हवा. निवृत्तीनंतर ‘आवडीचं काम शोधा’ असा सल्ला जो तो देतो, जणू आवड ही कपाटात घडी घालून ठेवलेली वस्तू आहे आणि बासष्टाव्या वर्षी ती काढून झटकायची तेवढी बाकी आहे. माझ्या मते काम सुखाचं होतं ते त्याच्या प्रकारामुळे नव्हे, मापामुळे. माप जमलं तर आवड मागून येते. माप चुकलं तर आयुष्यभर जोपासलेला छंदसुद्धा वर्षभरात नकोसा होतो.

हे माप कसं असतं ते पाहायचं तर चिखल्याच्या बाजूला यावं. डहाणूहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालं की नरपड, मग चिखले, पुढे घोलवड आणि बोर्डी. समुद्राच्या अंगाला सुरूची बनं, आत चिकूच्या वाड्या. चिकूला थोडीफार फळं बारा महिने असतात, त्यामुळे वाडीचं काम कधी संपत नाही आणि वाडीवाला कधी निवृत्त होत नाही. त्याचं काम फक्त हळूहळू आकसत जातं. तरणा असताना तो झाडावर चढतो, गुडघे कुरकुरू लागले की खालून लांब काठीने फळं उतरवतो, आणि पुढे सावलीत बसून निवड करतो. ही निवड म्हणजे फावल्या वेळाचा चाळा नव्हे. चिकू कडक असतानाच तोडावा लागतो, म्हणून तो तयार आहे की कोवळा, हे हातानेच ओळखायचं असतं: सालीवरची तपकिरी भुकटी सहज सुटते का, नखाने हलकंच खरवडलं तर आत हिरवं दिसतं की पिवळट, चीक किती येतो. मग आकार. मग बी पोखरणारी अळी बाहेर पडताना टाचणीएवढं भोक ठेवून जाते, ते भुकटीखालून हुडकणं. कोवळं फळ खोक्यात गेलं तर ते पिकत नाही, आक्रसतं. किडकं गेलं तर शेजारची चार घेऊन बसतं. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये तो इंग्लंडलाही रवाना झाला. पण खोकं उघडल्यावर त्या मानांकनाची अब्रू राहते की जाते, हे या बसल्या जागच्या कामावर ठरतं. तोड सकाळी होते, निवड त्यानंतर. दोन-तीन तासांत आवरतं. ताकद नको, नजर हवी, आणि नजर ही चाळीस वर्षं चिकू पाहिल्यावरच येते. भेटकलमाचंही तसंच. खिरणीचं रोप चिकूच्या फांदीशी बांधायचं, दोघांची साल एकमेकांत मुरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं आणि मगच फांदी मूळ झाडापासून सोडवायची. इथे घाईचा माणूस निरुपयोगी.

कामाचं माप माणसाच्या दिवसाला बेतायचं, ही कल्पना या पट्ट्याला नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेलं काम, १९२६ पासूनचा नूतन बालशिक्षण संघ, शिक्षणपत्रिका, एवढं पदरी असताना माणसाने मुंबईत बसून भाषणं दिली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली, जोडीला अनुताई वाघ. वस्तीवरची गरीब मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीवर गेली, कोणाच्या तरी अंगणात भरू लागली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे जे नाव मिळालं त्याचं मूळ या अंगणात आहे. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे वारल्यांच्या मुलांनी नवा पेच घातला. मुलगा जरा मोठा झाला की सकाळी गुरं घेऊन बाहेर पडणार, दिवेलागणीला परतणार. त्याला शाळेत आणायचं म्हणजे घरच्यांनी गुरं कोणाच्या भरवशावर सोडायची? बाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांना उपदेश केला नाही. शाळा कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलांचं एक लक्ष त्यांच्याकडे, आणि तिथेच दगड, पानं, बिया मोजत शिक्षण चाललंय. गाय भलत्या शेतात शिरली की विद्यार्थी उठून पळणार आणि हाकून परत येणार, यात बेशिस्त काही नाही, कारण वेळापत्रकच गाईला धरून बेतलेलं. कुरणशाळेचं कौतुक बालशिक्षणाच्या पुस्तकांत पुष्कळ होतं, पण मला त्यातली वेळेची बुद्धी जास्त मोलाची वाटते. ज्याला वेळ कमी आहे त्याच्या वेळेशी भांडायचं नाही, काम त्या वेळेत बसवायचं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी तर सत्तरी उलटल्यावर १९८२ मध्ये दाभोणला ग्राममंगल संस्थेचा पाया घातला. अशी थोर उदाहरणं मात्र निवृत्तांच्या मेळाव्यात देऊ नयेत. ऐकणारा मान डोलावतो, मनात म्हणतो आपलं काम नव्हे हे, आणि घरी जाऊन टीव्ही लावतो. आयुष्य वाहून टाकणारी माणसं वेगळी. सर्वसाधारण माणसाला रोजचे दोन तास वाहायचे असतात, आणि त्या दोन तासांची सोय कोणी केलेली नसते.

आता आक्षेप. पहिला तरुणांचा, आणि तोच वजनदार आहे. म्हाताऱ्यांनी जागा अडवल्या तर पोरांनी कुठे जावं? उत्तर पुन्हा मापातच आहे. पूर्ण जागा तरुणाचीच. तिथे निवृत्ताला बसवणं म्हणजे भरती टाळण्याची पळवाट. पण प्रत्येक ठिकाणी असे तुकडे असतात ज्यांच्यावर कोणा तरुणाचा संसार चालणार नाही आणि जे पडून राहिले तर मात्र काम अडतं: दुपारची निवड, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना वाडी दाखवणं, पतपेढीतल्या माणसाला अर्ज भरून देणं, तिसरीत असून अक्षरं न लागणाऱ्या चार मुलांना तासभर घेऊन बसणं. दुसरा आक्षेप विश्रांतीचा: राबलात, आता बसा. बसावं की. पण विश्रांतीला कशाची तरी कड लागते. सकाळी काही केलं असेल तरच दुपारच्या झोपेला चव. ज्यांना ही कड लागत नाही त्यांना माझं काही सांगणं नाही, ती माणसं भाग्यवान.

तिसरा आक्षेप ऐकताना मात्र आवाज खाली येतो. ‘आनंदाचं काम’ ही पेन्शनवाल्यांची चैन नाही का? रोजगार हमीच्या कायद्यात वयाची वरची मर्यादाच नाही. अठरा पूर्ण झाली की पुढे कितीही. कागदावर तो हक्क आहे, पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर त्याचा अर्थ असाही होतो की तिथे निवृत्ती नावाचा दिवस उगवतच नाही. डोक्यावर मोळी घेऊन निघालेल्या सत्तरीच्या बाईला ‘तुमच्या आवडीचं काम कोणतं?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. तारापूरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं घालवलेल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनमध्ये किमान रक्कम म्हणून जे मिळतं ते २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. ही मंडळी साठीला पोचतील तेव्हा अर्धवेळ काम छंदाच्या रकान्यात बसणार नाही, किराण्याच्या रकान्यात बसेल. म्हणूनच भाव पुरता हवा हा माझा हेका. खात्यापित्या घरच्या निवृत्तांनी ‘मला पैशाची गरज नाही’ म्हणत फुकट राबणं वरवर उदार दिसतं. पण त्याने त्या कामाचा बाजारभाव शून्यावर येतो आणि ज्याला दीडशे रुपये खरोखर हवे असतात त्याच्या हातून ते जातात. शिवाय फुकटच्या माणसाच्या वेळेला कोणी विचारत नाही. दोन तास म्हणून बोलावतात, चारला चहा देतात आणि सहाला म्हणतात, जाता जाता एवढं टाइप करून द्या. पैसे घेणाऱ्याला घड्याळाकडे पाहून उठता येतं.

घड्याळाचाच विषय निघाला म्हणून. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली; त्याआधीही या गावांतली माणसं मिळेल ती गाडी पकडून मुंबईला कामाला जात होतीच. पहाटे उठून अप-डाऊन केलेली ती पिढी आता एकेक करून घरी बसते आहे. काम द्यायला त्यांच्याकडे जरूर जावं, पण सकाळी नवाच्या आत सुरू होणारं आणि सायकलच्या टप्प्याबाहेरचं काम त्यांना सुचवू नये. दराबद्दल घासाघीस चालेल.