चिकसा कशासाठी असतो?

आपल्या मराठवाड्यात लग्नघराची चाहूल आधी नाकाला लागते. गच्चीवर जुन्या चादरीवर गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याच्या साली वाळत असतात, बाजूला नागरमोथा, आंबेहळद आणि मसूर डाळीचे डबे. मांज्याच्या दिवशी पिवळे कपडे घातलेल्या दुलहनला पाटावर बसवून खाला, फुफी, चाची, मुमानी सगळ्या मिळून तिला चिकसा लावतात. कुणी त्याला उबटन म्हणतं. शेजारच्या हिंदू घरात दिवाळीच्या पहाटे जे उटणं निघतं, ते याचंच भावंड.

माझ्या नानीचा चिकसा आमच्या मोहल्ल्यात नावाजलेला होता. दोन वाट्या मसूर डाळ, एक वाटी बेसन, मूठभर वाळलेल्या पाकळ्या, चमचाभर आंबेहळद, थोडा नागरमोथा. चिरौंजी मात्र ती आयत्या वेळी दुधात भिजवून पाट्यावर वाटायची, कारण ती तेलकट असते, दळून ठेवली तर खवट होते. आधी अंगाला तिळाचं तेल चोळायचं, मग चिकसा. तो अर्धवट सुकला की ओल्या हाताने हलकेच सोडवायचा. कडक सुकू द्यायचा नाही आणि त्या दिवशी साबण लावायचा नाही. नानी शाळेत गेलेली नव्हती, पण हे सगळं बिनचूक होतं. डाळीचं पीठ मळ आणि जादा तेल शोषून घेतं, जाडसर कणांनी वरची मृत त्वचा निघते. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तेलावर लावलेली हळद डाग न ठेवता निघते. चिकसा पूर्ण सुकून ताणला गेला, तर त्वचेचा ओलावाही ओढून घेतो.

नानीच्या तोंडी ‘गोरी’ हा शब्द चिकशाच्या संदर्भात मी कधी ऐकला नाही. ‘बदन साफ होता, थकान उतरती,’ एवढंच ती म्हणायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या शाळेतली एक मुलगी. नववीत होती. दोन महिने ती दुपट्ट्याने तोंड झाकून वर्गात बसायची. मला वाटलं, पर्द्याची सवय करते आहे. एकदा मधल्या सुट्टीत पाणी पिताना दुपट्टा सरकला. गाल लालभडक, त्यावर बारीक लाल शिरांची जाळी, हनुवटीवर पुळ्या आणि कानशिलाजवळ लव वाढलेली. उन्हात उभी राहिली की चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणाली. घराजवळच्या एका पार्लरमधून बिनलेबलची डबी आणली होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की घरातले खूश झाले. मग डबी संपली, की दुसरी यायची.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, स्टिरॉइड. अशी मलमं विशिष्ट आजारात, मोजक्या दिवसांसाठी द्यायची असतात. 2018 साली केंद्र सरकारने यांतली अनेक मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात, आणि डबीत काय मिसळलंय हे लावणारीला कळत नाही. सोडलं की चेहरा आणखी पेटतो, म्हणून मुली पुन्हा तेच लावतात. काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तर पारा असतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला धरतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचे असे अनेक रुग्ण सापडले. डॉक्टरांनी माग काढला, तो अशा क्रीमपर्यंत पोहोचला.

मुलीची आई मला भेटायला आली. क्रीम बंद केलं होतं, दवा सुरू होती. जाता जाता हळूच म्हणाली, ‘आपा, अब घर का कुछ बताओ ना. बच्ची का रंग थोडा खुल जाए, बस. अगले साल से रिश्ते देखना है.’

मला त्या बाईचा राग आला नाही. रिश्ता बघायला येणाऱ्या बायका चहा संपायच्या आत मुलीच्या मनगटाचा रंग बघून घेतात, हे तिला माहीत आहे आणि मलाही. पण डबी बदलून काय होणार, मागणी तीच राहिली तर? ‘घरचं’ आहे म्हणून ते निरुपद्रवी असतं, हा आपला मोठा गैरसमज. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लिंबाचा रस तिच्याहून कितीतरी पट आंबट. तो लावून उन्हात गेलं तर फोड येतात आणि मागे काळे डाग उरतात, म्हणजे नेमकं उलटं. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, त्वचेचं वरचं संरक्षक आवरण उतरवणारा. मुलतानी मिट्टी तेलकट चेहऱ्याला ठीक, पण आमच्याकडच्या कोरड्या थंडीत रोज लावली तर गालांना भेगा पडतात. कलौंजीचा उल्लेख हदीसमध्ये आहे, तिचा मान आहेच. म्हणून तिचं तेल निखळ चेहऱ्यावर चोळावं असं होत नाही. काहींना त्याने त्वचा सोलवटण्याइतकी ॲलर्जी होते.

आणि रंग? तो त्वचेतल्या मेलॅनिनचा. मेलॅनिन उन्हापासून सांभाळतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते अल्लाहने दिलेलं छत्र आहे. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. हजरत बिलालचं नाव आपण मुलांना मोठ्या प्रेमाने ठेवतो आणि त्याच घरात सुनेसाठी ‘गोरीच पाहिजे’ म्हणतो. मुलाकडच्या बायका हे बोलतात तेव्हा घरातले हाजीसाहेब ऐकत बसलेले असतात, हेही सांगायला हवं.

मी त्या आईला इतकंच सांगितलं की डॉक्टर म्हणतील तोवर चेहऱ्याला पाणी आणि त्यांनी दिलेली दवा, बाकी हळदसुद्धा नाही. रंगाचं काही माझ्याकडे नाही. रिश्तेवाले आले तर मुलीचे गुण सांगा, गणितात ती वर्गात पहिली आहे. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या महिन्यात मात्र फीच्या पावतीसोबत तिने दहावीच्या शिकवणीची चौकशी केली.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी चिकसा जरूर करावा. बाजारच्या पुडीत रंग आणि अत्तर असतं, तेव्हा डाळ घरीच भाजून दळा आणि वस्त्रगाळ करू नका, किंचित जाडसर ठेवा. चेहऱ्यासाठी मात्र बारीक पीठच घ्या. लग्नाच्या आठ दिवस आधी दुलहनच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट बघा. खाज आली किंवा लाल झालं, तर हळद आणि नागरमोथा काढून नुसतं बेसन आणि दूध वापरा. बदाम-चिरौंजी खाल्ल्यावर कुणाला त्रास होत असेल, तर ती घालूच नका. पुळ्यांवर, जखमेवर, नुकतं वॅक्सिंग केलेल्या हातांवर लावू नका. आणि दुलहनसोबत तिच्या अम्मीच्या तळव्यांनाही थोडा लावा. लग्नघरात सर्वात जास्त भेगा तिच्याच टाचांना असतात.