थांबायला शिकवायचे राहिले

धाकट्या भावाच्या उजव्या पायाकडे पाहिले की आम्हाला १९९३ सालचा मे महिना आठवतो. त्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही. मिस्सेच्या वेळी सगळे गुडघे टेकतात तेव्हा तो बाकाच्या कडेला एक पाय लांब करून बसून राहतो. इतक्या वर्षांत त्याने आम्हाला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते. कारण त्याला मोटारसायकल शिकवली ती आम्ही.

कशी शिकवली, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या वसईतल्या कितीतरी घरांत ती आजही तशीच शिकवली जाते. आमच्याकडे तेव्हा एक सेकंडहँड हीरो होंडा होती. ओहोटीच्या वेळी भुईगावच्या किनाऱ्यावरची ओली वाळू चांगली घट्ट असते. तेथे एका संध्याकाळी आम्ही भावाला क्लच कसा सोडायचा आणि गिअर कसा टाकायचा, एवढे दाखवले. तासाभरात स्वारी भरधाव निघाली. किनाऱ्यावर आडवे यायला काही नसते. रेस सोडली की वाळूच हळूहळू गाडी थांबवते. थांबण्याचा प्रश्न म्हणून आलाच नाही. परतताना तो म्हणाला, "दादा, घरापर्यंत मीच नेतो." आम्ही हो म्हटले आणि एका मित्राच्या स्कूटरवर मागून निघालो. हेल्मेट घरी खुंटीवर होते. वाडीच्या वळणावर कुंपणाच्या भिंतीआडून केळीच्या लोंगरांनी भरलेली हातगाडी समोर आली. भावाने जिवाच्या आकांताने उजवा पाय दाबला. मागचे चाक जागच्या जागी अडकले, गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन भिंतीवर आदळली. डोके वाचले ही देवाची कृपा. गुडघा वाचला नाही.

२०२४ साली ईस्टरच्या सुमारास त्याच भावाच्या मुलाला अठरा पूर्ण झाली आणि घरात मोटारसायकलीचा विषय निघाला. भाऊ एका रविवारी आमच्याकडे आला, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाला, "दादा, पोराला गाडी तूच शिकव. दिवस लागले तर लागू देत." आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही.

मग आम्ही प्रथम स्वतः शिकायला बसलो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रा. हॅरी हर्ट यांनी मोटारसायकलींच्या सुमारे नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन गोष्टी आम्हाला बोचल्या. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के लोक गाडी स्वतःच, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून शिकलेले होते. आणि निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांचाही सराव नव्हता. अहवाल जुना आणि परदेशचा खरा. पण भुईगावचा तो किनारा आम्हाला त्यात स्पष्ट दिसला.

पुतण्याच्या मनात साडेतीनशे सी.सी.ची भारदस्त गाडी होती. तिचा आवाज त्याला आवडतो. आवाज आम्हालाही आवडतो, ते कशाला लपवा? पण अशा गाडीचे वजन पावणेदोनशे-दोनशे किलोच्या घरात जाते, आणि नवशिक्याची गाडी पडते ती वेगात नव्हे, तर बहुधा वळवताना, थांबताना, उतारावर पाय टेकताना. आम्ही त्याला दुकानात नेले आणि एवढेच सांगितले : गाडीवर बस, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात का पाहा, मग उतर आणि इंजिन बंद ठेवून तिला दहा पावले मागे ढकल. मोठ्या गाडीने त्याला घाम फोडला. शेवटी १२५ सी.सी.ची साधी गाडी ठरली. येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ब्रेक करकचून दाबला तरी ही यंत्रणा चाक अडकू देत नाही. १२५ व त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असावे लागते, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांवर जोर वाटला जातो. परंतु सीबीएस चाक अडकणे थांबवत नाही. म्हणून लहान गाडी घेणाऱ्याने ब्रेक अधिकच मन लावून शिकला पाहिजे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर दगा देते.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाचे ऐकले नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ज्याची कीर्ती आहे, तो टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात असताना सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला गेला आणि पडला. डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या मोटारसायकलस्वारांचे अपघात अभ्यासून त्यांनी १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आज आपण पोलीस दिसला की कोपरावरचे हेल्मेट डोक्यावर चढवतो, त्याच्यामागे एका डॉक्टरची इतकी वर्षांची तळमळ आहे.

हेल्मेटचे खरे काम बाहेरचे चकचकीत कवच करीत नाही, आतला थर्मोकोलसारखा जाड थर करतो. आपटल्यावर तो चेपतो आणि आघात स्वतःत जिरवून घेतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, धाकट्या भावंडाला देऊ नये. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह लागते, आणि जून २०२१ पासून त्या प्रमाणाशिवाय ते विकण्याची परवानगी नाही. तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हेल्मेटे टांगलेली दिसतातच. घेताना कपाळाभोवती, भुवयांच्या जरा वर टेप धरून माप घ्यावे. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम शिरावीत, आणि मागून वर ढकलले तर हेल्मेट डोक्यावरून निघता कामा नये. काच पारदर्शकच घ्यावी. काळ्या काचेचा रुबाब रात्री आंधळे करतो. किंमत म्हणाल तर गाडीची टाकी दोन-तीनदा भरण्याइतकी. पुतण्याची आई म्हणाली, "दोन घ्या. मागे बसणाराही कोणाचा तरी मुलगाच असतो." कायदाही हेच सांगतो.

बाकीच्या पोशाखाबद्दल थोडक्यात. घोटा झाकणारे बूट, जाड पँट, हातमोजे. पडताना माणूस आधी हात टेकतो, हे विसरू नये. चपला घालून गिअर टाकणाऱ्याला आम्ही गाडीला हात लावू दिला नाही. खिस्तोफर संतांचे पदक भावजयीने किल्लीला अडकवले, ते राहू दिले.

लर्निंग लायसन्स आल्यावर रोज सकाळी सहा वाजता चर्चच्या मागच्या पटांगणावर शिकवणी सुरू झाली. पहिले दोन दिवस इंजिन चालूच केले नाही. गाडी ढकलायची, वळवायची, स्टँडवर लावायची. मुलगा कंटाळला. तिसऱ्या दिवशी इंजिन चालू केले, पण रेसला हात नाही. क्लच इतका हळू सोडायचा की गाडी जेथे सरकू लागते ती जागा बोटांना कळावी. आणि त्यानंतर पूर्ण एक आठवडा एकच धडा : थांबणे.

ब्रेकची गोष्ट आम्हाला वयाच्या पन्नाशीनंतर नीट कळली, याची लाज वाटते. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा, उजव्या हाताचा ब्रेक करतो; आणि मागचा एकटाच जोरात दाबला तर हलके झालेले चाक अडकून घसरते. आमच्या भावाचे नेमके हेच झाले. 'पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील' हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि आम्हीही त्या संध्याकाळी तोच केला होता. खरी रीत अशी की गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र धरावेत, आणि पुढचा एकदम न खेचता, लिंबू पिळावे तसा जोर वाढवत न्यावा. पुतण्याने वीसच्या वेगाने खडूच्या रेषेवर थांबायचे, मग तीस, मग चाळीस. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे त्याने स्वतः पावलांनी मोजले. ताशी साठ किलोमीटर वेगात माणूस एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जातो, आणि समोरचे दिसून हात हलेपर्यंत सेकंद सहज जातो. आपल्या वाडीतल्या वळणांवर सोळा मीटर दिसते तरी कोठे?

भाऊ रोज यायचा आणि पटांगणाच्या कठड्यावर पाय लांब करून बसायचा. एका सकाळी मुलगा नीट रेषेवर थांबला तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "एवढंच होतं होय?" आम्ही दुसरीकडे पाहिले.

परीक्षा मेमध्ये झाली. आठचा आकडा त्याने पाय न टेकता काढला, कारण नजर चाकाकडे न ठेवता जिकडे जायचे तिकडे ठेवायची सवय लागली होती. गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे पाहणारा खड्ड्यातच जातो.

त्याच महिन्यात शेजारच्या एका गृहस्थांनी अभिमानाने सांगितले की त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा गाडी छान चालवतो. आम्ही त्यांना २०१९ ची कायद्यातली दुरुस्ती सांगितली : अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. ते हसले. आम्ही भावाच्या पायाविषयी सांगणार होतो, पण भाऊ समोरच होता.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन साबणासारखा थर होतो. चांगला पाऊस पडून तो धुऊन जाईपर्यंत गाडी न काढलेली बरी. रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेतीच्या ट्रकांतून सांडलेली रेती, या सर्वांवरून सरळ आणि हलक्या हाताने जावे. बावखळाच्या कडेची साइडपट्टी पावसात खचते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. मागे साडीत एका बाजूला बसणाऱ्या आपल्या बायकांनी पदर मांडीखाली घ्यावा, आणि साडीगार्ड शोभत नाही म्हणून कोणी काढू नये.

ऑगस्टमधल्या एका उघडिपीच्या रविवारी पुतण्या होळी बाजाराला निघाला. भावाने कठड्याचा आधार घेतला, वाकत नसलेला पाय कसाबसा मागच्या पायटीवर ठेवला आणि पोराच्या मागे बसला. दुसरे हेल्मेट त्याने मागून घेतले. पट्टा स्वतःच लावला, हनुवटीखाली दोन बोटे घालून पाहिली, आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली, "चल. हळू."